मोजून दिलेले पन्नास हजार : ठाण्यात वकिलाविना लढवलेला एक वसुलीचा दावा

पार्श्वभूमी

नौपाड्यात राहणाऱ्या, शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका बाईंचं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रकमा आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे. बाईंना इथे ताई म्हणतो, कारण मी त्यांना तसंच म्हणतो. पैसे घेणारे गृहस्थ त्यांच्या यजमानांचे जुने मित्र. ताई त्यांना भाऊजी म्हणायच्या, ते ताईंना वहिनी म्हणायचे. यजमान गेल्यावरही भाऊजींचं येणंजाणं होतं. कळव्याला राहायचे, वागळे इस्टेटला त्यांचा छोटा छपाईचा धंदा होता.

एप्रिल २०२२ मध्ये धंदा पुन्हा उभा करायचा म्हणून त्यांनी हातउसने पैसे मागितले. ताईंनी १२ एप्रिलला आपल्या ठाण्यातल्या खात्यातून दीड लाख रुपये एनईएफटीनं पाठवले. मे महिन्यात कामगारांचा पगार अडला म्हणून आणखी पन्नास हजार रोख दिले, घरी, चहाच्या टेबलावर मोजून. कागद काहीच केला नाही. मी विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, "घरच्या माणसाकडून पावती कशी मागायची?"

जानेवारी २०२३ मध्ये भाऊजींनी दहा हजार यूपीआयनं परत केले. मग सात महिने "पुढच्या महिन्यात नक्की, वहिनी" असे मेसेज. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी एक चेक आणून दिला, १,४०,००० रुपयांचा. तो अपुऱ्या शिलकीमुळे परत आला. बँकेचा मेमो ताईंनी कपाटात पासबुकाखाली ठेवून दिला.

मी वकील नाही. आयुष्य बँकेत गेलं, आता सोसायटीतल्या लोकांचे अर्ज-विनंत्या लिहून देतो. जानेवारी २०२५ मध्ये ताई तो मेमो घेऊन माझ्याकडे आल्या.

अडचण

मुदत कायदा, १९६३ प्रमाणे उसन्या पैशांच्या वसुलीसाठी तीन वर्षं मिळतात, आणि ती पैसे दिल्या दिवसापासून मोजली जातात. शेवटच्या मागणीपासून किंवा शेवटच्या भांडणापासून मोजतात, असा ताईंचा समज होता. म्हणजे दीड लाखांची मुदत एप्रिल २०२५ च्या मध्यावर संपणार होती. हातात जेमतेम तीन महिने.

मधल्या काळात अंशतः परतफेड झाली किंवा कर्ज लेखी कबूल केलं, तर मुदत नव्यानं सुरू होते. दहा हजारांची यूपीआय नोंद होती, भाऊजींच्या सहीचा चेकही होता. पण या सवलतींना लेखी आणि सहीच्या अटी आहेत. यूपीआयची नोंद त्यात बसते की नाही यावर कोर्टात वाद घालत बसण्यापेक्षा मूळ तीन वर्षांच्या आत दावा दाखल करायचा, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. या प्रकरणातला माझा हा एकच सल्ला आजही जसाच्या तसा देईन.

दुसरी अडचण कागदाची. ताईंच्या हिशेबानं येणं होतं १,९०,०००. चेक होता १,४०,००० चा. भाऊजींनी दीड लाखातून दहा हजार वजा करून तो लिहिला होता, त्यामुळे बँकेतून गेलेल्या रकमेसाठी तो भक्कम पुरावा होता. रोख पन्नास हजारांबद्दल मात्र तोच चेक ताईंच्या विरुद्ध बोलत होता. "तेवढे दिवाळीला हातात देतो म्हणाले होते," ताई सांगायच्या. खरंही असेल. मला खरंच वाटतं.

समोरचे पर्याय

चेक परत आला की लोकांना आधी १३८ आठवतं. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्याच्या, कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करता येते, पण मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नंतर पैसे भरायला पंधरा दिवस, आणि तेही गेले की महिनाभरात तक्रार. तक्रारीला झालेला उशीर कोर्ट माफ करू शकतं, नोटिशीचा नाही. ताईंचा मेमो दीड वर्ष पासबुकाखाली होता. दार बंद.

पोलिसांकडे ताई आधीच जाऊन आल्या होत्या. व्यवहार दिवाणी आहे, असं उत्तर मिळालं. पैसे घेतले आहेत हे भाऊजी स्वतःच मेसेजमधून कबूल करत होते, सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता असं दाखवणारं काही नव्हतं. त्या उत्तरात मला चूक दिसली नाही.

उरला दिवाणी दावा. त्यातही दोन वाटा होत्या, साधा दावा आणि समरी, म्हणजे झटपट चालणारा संक्षिप्त दावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालचा समरी दावा चेकवर किंवा लेखी करारावर करता येतो. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत प्रतिवादीनं हजर व्हायचं. मग निकालासाठीचं दुसरं समन्स बजावलं की पुन्हा दहा दिवसांत बचावाची परवानगी मागायची, आणि त्यासाठी बचावात दम आहे हे दाखवायचं. कोर्ट परवानगी देताना रक्कम भरायची अटही घालू शकतं. वटला नाही असा चेक हातात असलेल्या माणसासाठी ही वाट सोयीची.

फक्त तिथे चेकबाहेरचं काही मागता येत नाही. समरी दावा करायचा तर १,४०,००० मागायचे आणि रोख पन्नास हजार सोडायचे. साधा दावा केला तर सगळे मागता येतील, पण साक्षीपुराव्याची पूर्ण वाट चालावी लागेल. एक रात्र विचार करून ताई म्हणाल्या, "मी माझ्या हातानं मोजलेत. ते सोडले तर मीच खोटी ठरते." साधा दावा ठरला. पुढे जे जे अडलं, त्यातलं निम्मं या एका वाक्यापाशी जाऊन पोचतं.

पन्नास हजार काढल्याची नोंद पासबुकात होती, त्याच आठवड्यातली. ताईंना तो मोठा आधार वाटायचा. बँकवाला म्हणून मला दिसत होतं की ती पैसे काढल्याची नोंद आहे, कुणाला दिल्याची नाही. हे मी पुरेसं ठासून सांगितलं नाही.

वकील का नको

वकील न लावता स्वतःचा दावा स्वतः चालवायला तालुका-जिल्हा पातळीवरच्या दिवाणी कोर्टात वेगळी परवानगी लागत नाही. पक्षकारानं स्वतः हजर राहायची तरतूद संहितेच्या आदेश ३ मध्येच आहे. ताईंनी दोन वकिलांना विचारलं होतं. फी अवाजवी नव्हती. पण बुडालेल्या पैशांपायी आणखी पैसे घालायचे, हे त्यांच्या मनाला पटेना.

तिसरा मार्ग मी सुचवला. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० ही मदतवाहिनी आहे. ताईंचं उत्तर ठरलेलं होतं, "पेन्शन खाते मी, गरिबाचा वकील कशाला अडवू?" कायद्यानं दिलेला हक्क त्यांना दान वाटत होता. एकदा सल्ल्यासाठी तरी या, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. अर्धा तास नीट ऐकून घेतलं गेलं, पण वकील नेमायच्या अर्जावर त्यांनी सही केली नाही.

पुण्याला नोकरी करणारा भाचा म्हणाला, "मावशी, मी उभा राहतो तुझ्या वतीनं." तेही साधलं नसतं. कुलमुखत्यारपत्र दिलं तरी मुखत्यार वकिलासारखा युक्तिवाद करू शकत नाही. वकील नसलेल्या माणसाला अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३२ खाली कोर्टाची खास परवानगी लागते. शिवाय पैसे मोजून दिल्याची साक्ष भाच्यानं कशी द्यायची? तो तिथे नव्हता. जे ताईंच्या एकटीच्या माहितीतलं, ते ताईंनीच सांगायला हवं.

नोटीस

घाई इथे नडली. कोर्ट नाक्यावर टाइप करून देणाऱ्याकडून ताईंनी परस्पर नोटीस करून घेतली. त्याच्याकडे साचा तयार होता. नाव, रक्कम, तारीख बदलली आणि "दरसाल दरशेकडा २४ टक्के व्याजासह" ही ओळ तशीच राहिली. व्याज ठरलंच नव्हतं. नोटीस गेल्यावर ताईंनी मला दाखवली तेव्हा मी कपाळाला हात लावला.

शिवाय ती गेली कळव्याच्या पत्त्यावर, आणि पाकीट परत आलं. भाऊजी डोंबिवलीला राहायला गेले होते. नवा पत्ता मिळाला तो ताईंच्याच घरात. भाऊजींच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका फ्रिजवरच्या टोपलीत पडून होती, खाली निवासाचा पत्ता छापलेला. त्या पत्त्यावर फेब्रुवारीत दुसरी नोटीस रजिस्टर्ड पोस्टानं पोचपावतीसह गेली आणि स्वीकारली गेली. (१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, म्हणजे आता हेच काम स्पीड पोस्टानं.) उत्तर आलं नाही. दुसऱ्या नोटिशीतलं व्याज मी काढायला लावलं. पहिलीचं काय करणार? तिची स्थळप्रत भाऊजींना व्हॉट्सअॅपवर आधीच गेली होती.

कोर्ट कोणतं

प्रतिवादी डोंबिवलीचा, म्हणजे कल्याणच्या कोर्टाची हद्द. पण दाव्याचं कारण अंशतः जरी एखाद्या हद्दीत घडलं असेल, तरी संहितेच्या कलम २० प्रमाणे तिथे दावा करता येतो. पैसे ठाण्याच्या खात्यातून गेले, ठाण्यात परत करायचे होते, चेक ठाण्यातल्या शाखेत भरला होता. ताईंना लोकलनं दर तारखेला कल्याण गाठायचं नव्हतं. रक्कम पाच लाखांच्या आतली, म्हणून दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर.

वादपत्र

ताईंनी स्वतः लिहून आणलेलं पहिलं वादपत्र, म्हणजे दाव्याचा अर्ज, अकरा पानांचं होतं. त्यात यजमानांचं आजारपण होतं, भाऊजींनी स्मशानात दिलेला धीर होता, त्यांच्या बायकोनं हळदीकुंकवाला न बोलावल्याचं होतं. वाचताना माझा गळा दाटला. कोर्टाच्या कामाची त्यात चार वाक्यं होती.

आदेश ७ मध्ये वादपत्रात काय असावं हे सांगितलेलं आहे : कोर्टाचं नाव, पक्षकारांची नावं आणि राहण्याची ठिकाणं, दाव्याचं कारण काय आणि ते केव्हा घडलं, कोर्टाला अधिकार कसा पोचतो, दाव्याचं मूल्यांकन, मागणी. त्या चौकटीत आम्ही नव्यानं लिहायला बसलो. प्रत्येक परिच्छेदाला आकडा, प्रत्येक परिच्छेदात एकच घटना, आणि तिच्यापुढे कागद कोणता ते. तीन संध्याकाळी गेल्या. "विश्वासघात" हा शब्द ताईंनी दोनदा परत घातला, मी दोनदा काढला. शेवटी चार पानं झाली.

रोख रकमेचा परिच्छेद लिहिताना "यापुढे कागद कोणता?" हा रकाना रिकामा राहिला. तेव्हा थांबायला हवं होतं. आम्ही पासबुकातली नोंद लिहिली आणि पुढे गेलो.

व्याजाबद्दल सांभाळून लिहिलं. ठरलेलं व्याज नाही, हे स्पष्ट म्हटलं. व्याज अधिनियम, १९७८ प्रमाणे लेखी मागणी केल्या तारखेपासूनचं आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ प्रमाणे दाव्यानंतरचं व्याज कोर्टाच्या मर्जीवर सोडलं.

व्हॉट्सअॅपचे मेसेज ही वेगळीच कटकट. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्याचे दोन भाग आहेत. एक नोंद सादर करणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, हॅश व्हॅल्यूसकट (नोंदीत फेरफार झाला नाही हे ताडून पाहायचा आकडा). तज्ज्ञ म्हणून कुणाची सही घ्यायची, यात आमचा आठवडा गेला. त्यात ताईंनी मधे फोन बदललेला, निम्मे मेसेज फक्त स्क्रीनशॉटमध्ये. सुदैवानं मुख्य आधार बँकेचा होता. खातेउतारा साध्या प्रिंटऐवजी बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्टप्रमाणे शाखेकडून प्रमाणित करून घ्या, हे मात्र मला सांगता आलं. या एका बाबतीत माझी नोकरी कामी आली.

दाखल करताना

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ताई पहिल्यांदा गेल्या आणि कागद घेऊन परत आल्या. सत्यापनात, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या शेवटच्या कबुलीत, कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीचे आणि कोणते मिळालेल्या माहितीवरचे, हे आकड्यांनिशी लिहिलं नव्हतं. पत्त्याचा मेमो नव्हता. कागदयादीत आठ कागद आणि सोबत सात. प्रतिवादीसाठीची प्रत अपुरी. यातला एकही आक्षेप खोट काढण्यासाठी नव्हता, सगळे आदेश ६ आणि ७ मधले. वकिलाचा कारकून हे सवयीनं करतो. आपल्याला प्रत्येक गोष्टीसाठी एक फेरी पडते.

बाहेरचे सल्लेही बरेच मिळाले. एकानं सांगितलं, मराठीत दावा घेत नाहीत. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठीच आहे. दुसऱ्यानं सांगितलं, आधी मध्यस्थी केल्याशिवाय दावाच करता येत नाही. ती सक्ती व्यावसायिक न्यायालय कायद्याखालच्या, तीन लाख आणि त्यावरच्या वादांना आहे, वहिनी-भाऊजींच्या हातउसन्याला नाही. तिसऱ्यानं सांगितलं, बायकांना कोर्ट फी माफ असते. तशी अधिसूचना राज्यात १९९४ पासून आहे, पण ती पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार, घटस्फोट अशा बाबींसाठी. फी रकमेच्या प्रमाणात भरावीच लागली, तीही सोडून न दिलेल्या पन्नास हजारांसकट.

दुसऱ्या फेरीत दावा दाखल झाला. मुदतीला दोन आठवडे बाकी होते. सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर, म्हणजे दाव्याच्या ओळखीचा क्रमांक मिळाला. तो ई-कोर्ट अॅपमध्ये घातला आणि स्वतःचं नाव "वादी" म्हणून दिसलं, तेव्हा ताईंनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "वाचा बरं मोठ्यानं."

समन्स

समन्स बजावणीचा भत्ता भरला, समन्स निघालं, कल्याणच्या कोर्टामार्फत डोंबिवलीला गेलं आणि "पत्ता अपूर्ण" असा शेरा घेऊन परत आलं. पत्रिकेवरचा पत्ता नातेवाइकांसाठी छापलेला असतो, बेलिफासाठी नाही. विंग नव्हती, मजला नव्हता, आणि त्याच नावाच्या दोन इमारती त्या भागात निघाल्या. त्याच पत्त्यावर पोस्ट पोचलं होतं, म्हणून आम्ही तो पुन्हा तपासलाच नाही. पोस्टमन नावानं ओळखत असणार.

मे महिन्याची सुट्टी मधे आली. जूनमध्ये नव्यानं भत्ता भरला, विंग, मजला, जवळची खूण आणि मोबाइल क्रमांक दिला. आठवड्याभरात बजावणी झाली. भत्ता वेळेवर भरला नाही आणि त्यापायी समन्स गेलं नाही, तर दावा काढून टाकला जाऊ शकतो. हे ताईंना माझ्याआधी कळलं होतं, कोर्टाच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका शेतकरी बाईंकडून.

कैफियत

भाऊजी वकिलासह हजर झाले. लेखी कैफियतीला, म्हणजे दाव्याला द्यायच्या उत्तराला, तीस दिवस असतात, कोर्ट ती मुदत नव्वदपर्यंत वाढवू शकतं. कैफियत साठाव्या दिवसाच्या आसपास, पाचशे रुपये खर्चासह आली. ते पाचशे ताईंनी मोजून घेतले.

त्या तारखेला एक घोळ होता होता वाचला. पुकारा झाला तेव्हा ताई झेरॉक्सला गेल्या होत्या. वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असला की दावा तिथेच निकाली निघू शकतो. मग तो पुन्हा उभा करायला तीस दिवसांत अर्ज करून सबळ कारण द्यावं लागतं. न्यायाधीशांनी दुसऱ्या पुकाऱ्यापर्यंत थांबवलं, म्हणून निभावलं. वकील असता तर झेरॉक्सला कुणीतरी दुसरं गेलं असतं.

कैफियतीत तीन गोष्टी होत्या. दीड लाख ही उसनवारी नव्हे, ताईंच्या यजमानांनी धंद्यात करायची ठरवलेली गुंतवणूक होती, चेक तिच्या तारणापोटी कोरा दिला होता. रोख रक्कम कधीच मिळाली नाही. मिळाली असती तर चेक १,४०,००० चाच कसा? आणि ताई विनापरवाना सावकारी करतात, पाहा नोटिशीतले २४ टक्के.

तिसऱ्या मुद्द्यानं ताई हादरल्या. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हे नाव वाचून त्यांना वाटलं, आता आपल्यावरच गुन्हा दाखल होणार. त्या रात्री त्यांनी मला दोनदा फोन केला. सावकारी म्हणजे व्याजानं पैसे लावायचा धंदा. एका परिचिताला एकदा दिलेले बिनव्याजी पैसे धंदा होत नाहीत, आणि वादपत्रात व्याज ठरलं नव्हतं असं आपण स्वतःच लिहिलं आहे, हे मी समजावलं. पटलं, पण झोप गेली ती गेलीच. साच्यातली एक ओळ इतकी महाग पडली.

माझ्या मते खरा धोका दुसऱ्या मुद्द्यात होता. कोरा चेक आणि १,४०,००० चं रोख रकमेविरुद्धचं गणित, या दोन गोष्टी एकत्र टिकत नाहीत. रक्कम भाऊजींनी हिशेब करून लिहिली असेल तर चेक कोरा नव्हता. पण उलटतपासणीत हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं कुणी? ताईंनी. ज्यांनी जन्मात कुणाला उलट प्रश्न केला नाही त्यांनी. आणि स्वतःच्या उलटतपासणीत "पावती का घेतली नाही?" या प्रश्नाला "घरच्या माणसाकडून कशी मागायची?" हेच त्यांचं उत्तर असणार होतं.

लोकअदालत

कैफियतीनंतर प्रकरण सप्टेंबरच्या लोकअदालतीत ठेवलं गेलं. आदल्या संध्याकाळी आम्ही एका कागदावर तीन आकडे लिहिले. मिळावेत असे १,९०,०००, चालतील असे १,५०,०००, याखाली उठून यायचं असे १,४०,०००. तिसरा आकडा लिहायला ताईंना पाऊण तास लागला.

पॅनेलसमोर भाऊजी आधी एक लाखावर होते. पॅनेलवरच्या वकीलबाईंनी चेक हातात घेतला आणि त्यांना एवढंच विचारलं, "दीड लाखातून दहा हजार गेले की किती राहतात?" भाऊजी काही बोलले नाहीत. मग त्या ताईंकडे वळल्या, "आणि रोख दिल्याचं काय आहे तुमच्याकडे?" ताईही काही बोलल्या नाहीत.

ठरलं ते असं : १,४०,००० रुपये, वीस हजारांचे सात मासिक हप्ते, बँकेतूनच. एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम एकदम आणि नऊ टक्के व्याजासह. हप्ता चुकण्याबद्दलचं हे कलम ताईंनी स्वतः मागून घेतलं. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, हप्ते थांबले तर थेट दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, करता येते. भरलेली कोर्ट फीही परत मिळते, त्यासाठीचा अर्ज केला आहे.

पुन्हा करायचं झालं तर

समरी दावा करावा. चेकच्या रकमेवर, आदेश ३७ खाली. शेवटी मिळाले ते १,४०,०००च, आणि तेवढे मागायला वर्षभराची धाकधूक लागली नसती. रोख रक्कम सोडणं म्हणजे खोटं ठरणं, असं ताईंना वाटलं तेव्हा मी गप्प बसलो, कारण त्यांचं दुःख मला कळत होतं. त्या जागी एखादा परका वकील असता तर त्यानं दोन मिनिटांत "हे सोडा" म्हटलं असतं. वकिलाचा तो उपयोग मी धरलाच नव्हता.

अर्थात समरी दाव्यातही परवानगी मिळाली असती आणि प्रकरण साक्षीपुराव्यावर गेलं असतं, असं होऊ शकलं असतं. तरी पन्नास हजारांचा मुद्दा समोरच्याच्या हातात गेला नसता.

मोफत वकील घ्यावा, निदान कैफियत आल्यावर तरी. अर्ज दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर करता येतो. नोटीस घरी बसून लिहावी, साच्यातून नको. समन्सचा पत्ता आपण स्वतः एकदा शोधून पाहावा. तारखेच्या दिवशी सगळ्या कागदांच्या तीन प्रती आदल्या रात्रीच पिशवीत असाव्यात.

आणि चेक परतल्याचा मेमो ज्या दिवशी मिळेल, त्याच दिवशी कुणाला तरी दाखवावा. ऑगस्ट २०२३ मध्ये ताई माझ्याच मजल्यावर राहत होत्या.

सध्याची स्थिती

तीन हप्ते आले. पहिले दोन वेळेवर, तिसरा चार दिवस उशिरा. त्या चार दिवसांत ताईंनी निवाड्याची नक्कल काढून आणली, दरखास्तीचा मसुदा स्वतः लिहिला आणि मला फक्त वाचायला दिला. दोन पानांचा होता, परिच्छेदांना आकडे घातलेले. पाचव्या दिवशी सकाळी मेसेज आला, "वहिनी, जमा केले. बघून घ्या." ताईंनी बँकेचं अॅप उघडून पाहिलं, रक्कम वहीत लिहिली आणि नक्कल परत पिशवीत घातली.